अधिक नावाचा फोल्डर

मु. खारबोडणी, ता. अलिबाग
२ फेब्रुवारी २०२५

चि. हेमालीस,

रितेशच्या टेम्पोतून पांढऱ्या कांद्याच्या माळांबरोबर जी पेटी आली आहे, ती उघडण्याआधी हे वाच.

पेटी मी केली. सागवानाची, आत एकेचाळीस खाचा, प्रत्येक खाच कार्डापेक्षा अर्धा मिलिमीटर सैल. झाकणाच्या कडेची रबरी पट्टी सायकलच्या ट्यूबमधून मी कापली, म्हणजे आमची खारी हवा आत शिरत नाही. आतल्या पुरचुंड्या मी शिवल्या; त्यांत औषधांच्या डब्यांतून जमवलेले ओल शोषणारे दाणे आहेत, ते दर महिन्याला मी तव्यावर तापवतो. कोणत्या कार्डात काय ते टिपलेली वही मी बांधली, ती इथंच ठेवली आहे. घरचा कॉम्प्युटर मी जोडला, वादळात पहिला भिजून गेल्यावर, पेणच्या भंगारवाल्याकडचे तीन मेलेले उघडून त्यांतून एक जिवंत. यातलं काहीही मला कोणी शिकवलेलं नाही. क्लास लावून शिकलेले आमच्या आळीत दोघे आहेत. लग्नात ड्रोन उडवतात आणि घरी येऊन कार्ड खिशात नाण्यांबरोबर ठेवतात.

दिवाळीत तू म्हणालीस, "मामा, सगळे फोटो एका हार्डडिस्कवर घालून देते, तुमचं यंत्र बैलगाडी आहे." बैलगाडी आहे हे खरं, एक कार्ड उतरवायला अर्धा तास घेते. म्हणून पाठवतो आहे. हौस म्हणून नाही. तुझ्या आईचे, आमच्या मैनाचे, सत्तावीस गुंठे टांगणीला लागले आहेत.

तुला हे अर्धवट माहीत असेल, म्हणून लिहितो. गोदामवाली कंपनी आमच्या खाडीकाठची जमीन घेते आहे. शेताला भाव देते, खाजणाला काही देत नाही. तिचं म्हणणं, मैनाच्या नावावरचा तुकडा हा कायमचा चिखल, तिथं भात कधी उभं राहिलंच नाही. सातबाऱ्यावर पिकाचा रकाना कोरा, कारण तलाठी बांधावर कधी आलाच नाही. २००५ च्या जुलैत पुरानं बांधाला खांड पाडली, खारं पाणी आत आलं आणि आता तिथं कांदळ उभी आहे. त्याआधी तिथं भात होतं याचा पुरावा प्रांत ऑफिसात १० मार्चला दाखवायचा आहे. तो पुरावा तीन नंबरच्या कार्डात आहे. माझा पहिला कॅमेरा, त्यातलं कार्ड, चौसष्ट एमबी. त्याची सीडी केली होती, तिला बुरशी आली. कॉम्प्युटरात होते, ते वादळात गेले. म्हणजे आता एकच प्रत.

नियम तीन. कॉपी करायचं, कट नाही. कार्डावर काहीही लिहायचं नाही, पुसायचं नाही. आणि व्हॉट्सॲपवर एकही फोटो पाठवायचा नाही. त्यातून गेलेला फोटो म्हणजे पाणी घातलेली ताडी.

फोनवर मी कार्डांबद्दल बोलत नाही. बोललेलं कोणीही फिरवतं. पेटीबरोबर कागद, कागदाला उत्तर. रितेश दिवसाआड वाशीला येतो.

तुझा मामा,
दयाराम

⁂

कामोठे
११ फेब्रुवारी

मामा, नमस्कार.

पेटी पाहून ऑफिसातल्या मैत्रिणीनं विचारलं, दागिने आहेत का. मी म्हटलं, त्याहून जास्त रागीट मालकाची वस्तू आहे.

काम झालं. एकेचाळीस कार्डं, अकरा हजार चारशे बावीस फोटो, सगळे एका डिस्कवर. डिस्क कार्डाच्या पेटीपेक्षा लहान आहे आणि तिला तव्यावर तापवावं लागत नाही. कांदे आईला फार आवडले.

तुमच्या फोल्डरांच्या नावांनी मात्र डोकं उठवलं. "पौष वद्य सप्तमी, भांग". "माघी पौर्णिमा, उधाण". मामा, जगात लोक तारीख टाकतात. तुमच्या पहिल्या कॅमेऱ्यातले सगळे फोटो १ जानेवारी २००३ चे दिसतात, कारण घड्याळ कधी लावलेलंच नाही. इतक्या काटेकोर माणसानं घड्याळ लावू नये याचं नवल वाटलं.

थोडी साफसफाईही केली. पुष्कळ ठिकाणी एकाच गोष्टीचे चार-चार फोटो होते. तुमचे सगळे चांगलेच असतात, पण चार कशाला? तीन नंबरच्या कार्डात "श्रावण" आणि "अधिक श्रावण" असे दोन फोल्डर होते. दोन्हींत तेच शेत, तोच पाऊस. म्हणून "श्रावण" ठेवला आणि अधिकचे होते ते काढले. कार्डावरूनही काढले, म्हणजे तुम्हाला नंतर गोंधळ नको. शेताचे चौतीस फोटो शिल्लक आहेत, प्रांताला पुरे आहेत.

बाबांची तब्येत ठीक. थंडीत गुडघे धरतात.

हेमाली

⁂

खारबोडणी
१३ फेब्रुवारी

हेमाली,

अधिकचे म्हणजे जास्तीचे नव्हेत. अधिक महिन्याचे.

ज्या वर्षी दोन श्रावण आले त्या वर्षीचा पहिला श्रावण. कालनिर्णय तुमच्या स्वयंपाकघरात टांगलेलं असतं, त्यावर तुम्ही दुधाचे खाडे लिहिता. एकदा वाचायचंही असतं.

वहीत पाहिलं. ठेवलेल्या चौतीस फोटोंत शेत आहे, पाऊस आहे, पण मागं बांध नाही आणि बांधातली उघाडी नाही. पाणी सोडायचा तो दगडी दरवाजा ज्या फोटोत नाही, ते शेत पेणचं असेल, पनवेलचं असेल, जगातलं कुठलंही असेल. आणि नुसता श्रावण दर वर्षी येतो. अधिकच्या एकोणतीस फोटोंत उघाडी होती, आणि फोल्डरच्या नावातल्या "अधिक" या एका शब्दात साल होतं. तू नेमकं तेवढंच पुसलंस.

नेमकं तेवढंच. यावर मी दोन दिवस विचार केला. तुझा भाऊ हितेश त्या गोदामवाल्यांसाठी जमिनी जमवत फिरतो, हे मला बाहेरून कळलं. तुमच्यापैकी कोणी सांगितलं नाही. टोकदार बूट घालून परवा आमच्या बांधावर उभा होता. बांधावर बूट. आता मला कळतं की बहिणीच्या कॉम्प्युटरचा त्याला किती उपयोग झाला. इतक्या कार्डांतून बरोबर तीन नंबर सापडायला अडाणीपणा पुरत नाही.

कार्ड परत पाठव. पाठवण्याआधी त्याच्या डाव्या कडेची बारीक खिट्टी खाली ओढ, म्हणजे त्यावर काही लिहिलं जाणार नाही. ते पुन्हा कशातही घालू नकोस. पुसणं म्हणजे अनुक्रमणिकेतलं नाव खोडणं. पानं तिथंच असतात, कोणी वर लिहीपर्यंत. हे तुला पगार देणाऱ्यांनी शिकवलं नसेल. मी भंगारातल्या कार्डांवर शिकलो.

दयाराम

⁂

कामोठे
१५ फेब्रुवारी

मामा,

कार्ड पाठवते आहे, खिट्टी ओढून, कागदात, डबीत, डबी रितेशदादाच्या शर्टाच्या खिशात. बाकीच्या कार्डांची पेटी त्याच्याच टेम्पोत. त्याला म्हटलं, हरवलं तर मामा तुला कांद्यासारखा सोलेल. तो म्हणाला, "मला माहीत हाय, मागं एकदा सोललंय."

चूक माझी आहे. अधिक महिना मला माहीत होता, पण तो शब्द फोल्डरवर दिसला तेव्हा ऑफिसातला "अधिक" वाचला. आमच्याकडे "अधिकच्या प्रती काढून टाका" असं रोज येतं. हात तसाच चालला.

पण तुम्ही जे पुढं लिहिलंत ते मी आईला वाचून दाखवलं नाही. तिच्या जमिनीचा पुरावा तिच्या मुलीनं विकला, असं तिच्या भावानं लिहिलंय, हे मी कसं वाचू? बाबांनी विचारलं, मामा काय म्हणतात. मी सांगितलं, कांद्याचा भाव उतरला म्हणतात.

हितेशदादा कंपनीचं काम करतो हे मी लपवलं, कारण तुम्ही दिवाळीत त्याच्याशी बोलला नसतात. एवढंच लपवलं.

आणि एक. तुम्ही घड्याळ लावलं असतंत तर फोल्डरच्या नावावर कोणाचं काही अडलं नसतं.

हेमाली

⁂

खारबोडणी
२४ फेब्रुवारी

चि. हेमालीस,

तीन दिवस लागले. एकोणतीसपैकी सव्वीस पूर्ण परत आले. दोन अर्धे, खालचा भाग राखाडी. एक गेला, त्यात माझ्या मते फक्त बगळा होता, तरी गेला तो गेला.

नावं मात्र परतली नाहीत. फोल्डर नाही, अधिक नाही, श्रावण नाही. एक, दोन, तीन असे नुसते आकडे. आत तारीख तीच, १ जानेवारी २००३, दुपारी बारा वाजून काही मिनिटं, आणि बाहेर बदाबदा पाऊस. वकिलाला हसायला एवढं पुरे.

घड्याळाबद्दल तू लिहिलंस. तेव्हा तारीख चालू केली की फोटोच्या कोपऱ्यात पिवळे आकडे उमटायचे, लग्नाच्या अल्बमात नवरीच्या पदरावर उमटतात तसे. फोटोवर आकडे छापणाऱ्या माणसाबद्दल माझं जे मत आहे ते आहेच. पण आकडे बंद ठेवूनही घड्याळ लावता येतं, हे मला पुढच्या वर्षी कळलं. हे वाक्य कोणाला वाचून दाखवू नकोस.

आता साल कुठून काढायचं? माझी वही आहे, पण वही मी लिहिलेली, वकील म्हणेल कालही लिहिली असेल. म्हणून फोटोच वाचायला बसलो. सतरा नंबरचा फोटो एक तास पाहिला. तो तुला सांगतो.

बांधावर दाजी बसले आहेत, तुझे बाबा, प्यांट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. डावीकडे उघाडी, तिच्या दगडावर चुन्यानं लिहिलेला आकडा ४ स्वच्छ दिसतो. तो दगड आजही ओहोटीला दिसतो. मागं मैनाचं शेत, नुकती लावणी झालेलं, रोपं वीतभर. दाजींच्या मांडीवर परात. परातीत अनारसे. मागं माझी आई, तुझी आवडाबाई आजी, छत्री दाजींच्या डोक्यावर धरून स्वतः भिजते आहे. दाजींना त्या दिवशी वाणाला घरी बोलावलं होतं. उघाडी गळते ऐकून ते घरी न येता थेट बांधावर गेले, आणि आईनं वाण बांधावर नेलं. जावई घरी आला नाही म्हणून अनारसे परत डब्यात टाकणारी बाई ती नव्हती.

मी फोटो मोठा करून अनारसे मोजले. परातीत एकतीस. एक दाजींच्या हातात. एक तुझ्या तोंडात. तू दाजींच्या शेजारी, फ्रॉक चिखलानं भरलेला, अनारसा दाढेनं चावते आहेस, कारण पुढचे दोन दात नाहीत.

तेहतीस. जावयाला तेहतीस अनारसे कोणत्या महिन्यात देतात, हे आता तू मला सांग.

अधिक महिना तीन वर्षांनी येतो, दर वेळी वेगळ्या जागी. २००१ मध्ये अश्विन अधिक होता, तेव्हा भात पोटरीच्या पुढं जातं, वीतभर रोप नसतं. आणि तू पाच वर्षांचीही नव्हतीस, दात पडायचं वय नाही. २००७ मध्ये ज्येष्ठ. तेव्हा तिथं खारं पाणी होतं आणि तू दहाची. वीतभर लावणीत अधिक महिना यायला श्रावणच अधिक लागतो. असा श्रावण २००४ ला आला, मग एकदम २०२३ ला. २०२३ ला तू सव्वीस वर्षांची होतीस. पुढचे दात होते, असं माझं निरीक्षण आहे.

सगळं बसतं. पण मी एकट्यानं बसवलेलं आहे. मैनाला विचार, तिला काय आठवतं. माझं काही न सांगता विचार.

मागच्या पत्रात तुझ्याबद्दल जे लिहिलं ते राहू दे. म्हणजे, ते धरू नकोस.

दयाराम

⁂

कामोठे
२७ फेब्रुवारी

मामा,

आईला न सांगता विचारलं, फोटोचं नावही काढलं नाही. म्हटलं, बाबांना बांधावर अनारसे कधी दिले होते? ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या सालान दोन शरावन आलं व्हतं ना. तललं मी, गेली ती घेऊन तुजी आवडाबाय. आनी दुसऱ्या सालान बांद गेला." मग म्हणाली, "तुजं दात नव्हतं, पन खायाला पयली तू." हे मी तारीख घालून लिहून घेतलं आणि तिचा अंगठा नाही, सही घेतली. ती सही करते, हेही कंपनीला माहीत नसेल.

बाबा बाहेरून म्हणाले, "तेहतीस नव्हते. एक मी आधीच खाल्ला होता." मामा, म्हणजे मुळात चौतीस तळले होते. हे प्रांताला सांगू नका.

आता जे मी दोन पत्रांत लिहिलं नाही ते लिहिते. कार्डं उतरवत होते त्या दिवशी दादा आला होता. शेजारी बसून चहा पीत होता. तीन नंबरचं कार्ड उघडल्यावर मी म्हटलं, हे दोन श्रावण कसले? तो म्हणाला, "अधिक म्हणजे एक्स्ट्रा. उडव ना, मामाला कचरा जमवायची सवयच हाय." मी उडवले. तुमचं पत्र आल्यावर मला त्याचं नाव घ्यायचं नव्हतं. चूक माझ्या बोटानं झाली होती, ती दुसऱ्यावर टाकणं बरं दिसत नव्हतं. त्यालाही माझ्यासारखंच वाटलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पण तुम्ही २०२३ लिहिलंत आणि मी थांबले. दादाचं लग्न २०२२ च्या डिसेंबरचं. २०२३ च्या अधिकात तो पहिल्यांदा सासरी वाणाला गेला. उरणहून परात, चांदीचा दिवा आणि अनारसे घेऊन आला, आम्हाला मोजून दाखवले, स्टेटसलाही टाकले. त्याच्याइतका अधिक श्रावण या घरात कोणाच्या लक्षात नसेल.

मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "आईला काय उपाशी ठेवतोय का मी? तिला मी बघीन. सत्तावीस गुंठ्यांसाठी माझी नोकरी घालवू?" मग विचारलं, पेटी आता कोणाकडे आहे. मी सांगितलं, मामांकडे. हे सांगायला नको होतं का, मला कळत नाही.

हेमाली

⁂

खारबोडणी
१३ मार्च २०२५

चि. हेमालीस,

सुनावणी झाली. क्रमानं लिहितो.

फोटो मी अलिबागला छापून घेतला, बारा बाय अठरा. छापणाऱ्यानं रंग "उठावदार" करतो म्हटलं. त्याला सांगितलं, भाताला हात लावलास तर पैसे मिळणार नाहीत. कार्ड मूळ, खिट्टी ओढलेलं, डबीत. कॅमेऱ्याची पावती, मे २००४. मैनाचा जबाब. वही.

कंपनीचा वकील मुंबईचा. आधी १ जानेवारीवर हसला, मी अपेक्षिलं होतं तसं. म्हणाला, जानेवारीत एवढा पाऊस कुठं पडतो. मी म्हटलं, कुठंच नाही, म्हणून घड्याळ चुकलं आहे हे तुम्हीच सिद्ध केलंत. मग मी साल सांगितलं, कारण सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, आता अनारसे पुरावा?" आणि खोलीतल्या लोकांकडे पाहिलं, हसतील म्हणून. खोलीतले बहुतेक लोक कोणाचे ना कोणाचे जावई होते. कोणी हसलं नाही.

प्रांतांनी फोटो टेबलावर आडवा ठेवला आणि पेनाच्या टोकानं अनारसे मोजले. एकदा मोजून पुन्हा मोजले. मग कारकुनाला म्हणाले, जुनी पंचांगं मागवा, दोन हजार एक ते सात सालची. उघाडीचा दगड पाहायला ओहोटी कधी, हे मला विचारलं. मी सांगितलं, सप्तमीला भांगाची ओहोटी, दुपारी दोनला, पण त्या दिवशी पाणी पुरतं उतरत नाही, अमावास्येला या. त्यांनी लिहून घेतलं. वकिलाला विचारलं नाही. निकाल पाहणीनंतर.

परवा हितेश आला. बूट बांधाखाली काढून ठेवले होते, कोणीतरी सांगितलं असावं. बरोबर कंपनीचा एक माणूस, स्वच्छ शर्ट, बोलणं गुळगुळीत. म्हणे कंपनीला या किनाऱ्याचा जुना ठेवा जपायचा आहे, ऑफिसात भिंतीवर लावायचा आहे. पेटी, कार्डं, वही, डिस्क, सगळं एकत्र हवं, कोणाकडे प्रत राहता कामा नये. मी विचारलं, ठेवा जपायचा तर प्रत का नको? त्यावर तो पेटीकडे पाहून म्हणाला, "काय सुबक काम आहे हो." झाकण उलटं लावत होता.

हितेश माझ्याकडे पाहत नव्हता. मी त्याला एकच विचारलं, "सासऱ्यांनी किती दिले होते रे?" तो म्हणाला, "मामा, विषय वेगळा हाय." मी म्हटलं, तोच आहे.

मैनाला सांग, घाबरू नको. बाबांना सांग, चौतिसाव्याबद्दल मी कोणाला बोललो नाही. आणि तू जी प्रत केलीस तिच्यात घालायला, परत आलेले सव्वीस मी रितेशबरोबर पाठवतो आहे, ते तुझ्याकडे ठेव. फोल्डरला नाव तूच दे. पूर्ण नाव दे, सालासकट. तेवढं मी शिकलो.

ज्या जमिनीची किंमत कंपनीच्या कागदावर शून्य आहे, तिच्या फोटोंसाठी त्या माणसानं माझ्या ओट्यावर आकडा सांगितला. मी नाही म्हटलं. अठरा लाख.

तुझा मामा,
दयाराम